प्रवेश विनामूल्य

निवतीच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा आहे.
त्यावर खडूनं लिहायचं काम माझं.
वरच्या ओळी बदलतात –
मोतीबिंदू तपासणी.
माडावरचा गेंड्या भुंगा: ओळख आणि उपाय.
सर्पदंश झाल्यास काय करू नये.
खालच्या दोन मी पुसतच नाही:
सर्व वयोगटांसाठी.
प्रवेश विनामूल्य.
तिथला खडू लाकडात मुरलाय,
ओल्या फडक्यालाही आता दाद देत नाही.

यंदा मार्गशीर्षात वर लिहिलं, आकाशदर्शन.
किनाऱ्यावर, साडेसातला. दुर्बीण वालावलकर सर आणतील.
भिकाजी मेतर सायकलवरून एक पाय खाली टेकून
दोनदा वाचून गेला, तिसऱ्यांदा विचारलं,
"फुकट म्हणजे पूर्ण फुकट?"
"पूर्ण."
"नि चाय?"
चहाचं मला सुचलंच नव्हतं.

काखेत बॅटरी धरून मी रजिस्टर उघडलं.
नाव, वय, सही.
वय लागतं, अनुदानाच्या अहवालात तसा रकाना आहे.
आईच्या कडेवर झोपलेली केतकी, वय साडेतीन.
दाजी कोयंडे, एक्याऐंशी, स्वतःची खुर्ची घेऊन आलेले.
होडेकरांची हसीनाबी, मागून तिची तीन नातवंडं,
तिघांनी मिळून एकच सही केली.
द्वारका तारी म्हणाली,
"वय तुका व्हया ता घाल."

सर सांगत होते, हा गुरू,
शेजारी ओळीनं त्याचे चार चंद्र.
"माका तीनच दिसतत," पोर कुरकुरलं.
"एक जेवक गेलो आसतलो," दाजी खुर्चीतून.
चांदणं नव्हतं. वाळू पायाखाली गार पडत चाललेली,
आणि भिकाजीच्या घरून किटली आली होती,
आपणहून.

द्वारकाचा नंबर आला.
ती नळीला डोळा लावेना.
"ह्या खाली येता काय?"
"खाली काय बघायचंय मावशी?"
तिनं हात केला समुद्राकडे.
दीपगृहाच्या डावीकडे ट्रॉलरचे सहा-सात दिवे,
त्यातल्या एकावर तिचा झील,
चार दिवस झाले, फोनला रेंज नाही.

सरांनी फळ्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.
मग माडांच्या शेंड्यावरून नळी हळूहळू उतरवली,
फिरवली, थोडी मागे, थोडी पुढे,
"आता बघा."

तिनं पाहिलं, आणि किंचाळली,
"गे बाय! होडी उलटी!"

रांगेतलं बोलणं तुटलं.
लाट फुटलेली ऐकू आली, मग दुसरी.
"मावशी, मावशी," सर घाईघाईनं,
"ह्या नळीतून सगळंच उलटं दिसतं.
गुरूही उलटाच होता.
गोल आहे, कळलं नाही कुणाला."

"म्हणजे ती सरळ आसा?"
"सरळ."
"खात्रीन?"
"खात्रीनं."
"मगे बरा," ती म्हणाली,
आणि पुन्हा डोळा लावला, तो काढेचना.
मागून कुणी ढकललं नाही,
एरवी रेशनच्या रांगेत इथे कोपरं चालतात.

नंतर कुणाला गुरू नको होता.
हसीनाबीनं तिचा दिवा शोधून घेतला.
दाजींना कुणी नव्हतं तिकडे,
तरी त्यांनी बराच वेळ पाहिलं.

शेवटी मी.
काळं पाणी वरती. त्याला उलटी लटकलेली होडी, एक पिवळा बल्ब,
डोकं खाली पाय वर असा एक माणूस
ताट धूत होता.
धुतलं, आणि खरकटं पाणी फेकलं.
ते वर गेलं.

अहवाल पंधरा दिवसांनी परत आला.
अनुक्रमांक सत्तावीस, तारी द्वारका,
वयाचा रकाना रिकामा का, खुलासा करावा.